सशाची सकाळ

घरी ससा पाळला असेल, तर चहाआधी त्याच्या पिंजऱ्यात डोकवा. रात्रीचं गवत संपलंय का? लेंड्या पडल्यात का? ससा शिकार होणारा प्राणी. दुखणं लपवणं त्याच्या रक्तातच आहे. तो कण्हत नाही, नुसतं खाणं सोडतो. अर्धा दिवस त्यानं तोंड लावलं नाही, तर थेट पशुवैद्य गाठा. आतड्याची हालचाल थांबली की जिवावर बेततं. त्याचे दात आयुष्यभर वाढतात आणि झिजतात ते गवत चावूनच. म्हणून सुकं गवत हेच त्याचं खरं जेवण. गाजर चित्रात शोभतं. पोटाला एखादा तुकडा पुरे. आणि त्याला घाम जवळजवळ येतच नाही. तेव्हा ऊन चढायच्या आत गॅलरीतला पिंजरा सावलीत घ्या.