सम्यक व्यायाम आणि विश्रांती



विश्रांती म्हणजे आळस, ही समजूत आपल्या लोकांत खोल रुजली आहे. तिला कारणही आहे. आपल्या माणसाने जरा पाठ टेकली की पिढ्यान्‌पिढ्या त्याला कामचुकार म्हटले गेले. महार वतन १९५८ च्या कायद्याने गेले, पण ती धास्ती अंगातून गेलेली नाही. आता मूल परीक्षेला बसले की आईबाप म्हणतात, बाबासाहेब अठरा-अठरा तास वाचीत, तू तासाभरात उठतोस कसा? बाबासाहेबांचा आदर्श डोळ्यांपुढे असलाच पाहिजे. परंतु तेच बाबासाहेब उतारवयात आवडीने व्हायोलिन शिकत होते, हे त्या मुलाला कोणी सांगत नाही.

मज्झिम निकायातील द्वेधावितक्क सुत्तात तथागतांनी बोधीपूर्वीचा स्वतःचा अनुभव सांगितला आहे. कुशल विचार रात्रंदिवस केले तरी त्यांत त्यांना भय दिसले नाही. मात्र फार वेळ विचार करीत राहिल्याने शरीर थकते, शरीर थकले की चित्त ढळते आणि ढळलेले चित्त समाधीपासून दूर जाते, हे त्यांनी जाणले. म्हणून ते चित्ताला आतल्या आत स्थिर करीत, शांत करीत. नीट लक्षात घ्या, हा थकवा वाईट विचारांचा नव्हता. चांगल्या विचारांनीही माणूस थकतो!

त्याच सुत्तात गुराख्याचा दृष्टांत आहे. पावसाळ्याच्या अखेरीस शेते पिकांनी दाटलेली असतात, तेव्हा गुराख्याला काठी घेऊन गुरे सारखी वळवावी लागतात. उन्हाळ्याच्या शेवटच्या महिन्यात पीक गावात आलेले असते. तेव्हा तो झाडाखाली बसतो आणि गुरे तेथे आहेत एवढेच भान ठेवतो. तो बसला आहे, पण झोपलेला नाही. सुस्ती म्हणजे थीनमिद्ध आणि देह-चित्ताची शांतता म्हणजे पस्सद्धी. पहिले पाच नीवरणांपैकी एक, दुसरी सात बोध्यंगांपैकी एक. दोन्ही एकच समजणे ही मोठी गफलत होय.

सोण भिक्षूची कथा आपण विहारात ऐकली असेल. चंपानगरीच्या धनिकाचा हा सुकुमार मुलगा राजगृहाच्या सीतवनात चंक्रमण करताना पाय रक्तबंबाळ होईपर्यंत चालला आणि शेवटी निराश होऊन घरी परतण्याचा विचार करू लागला. तथागतांनी त्याला त्याच्याच वीणेची आठवण दिली. तारा फार ताणल्या तरी सूर नाही, सैल सोडल्या तरी नाही. एवढे आपल्याला पाठ असते. पुढची हकीकत विनयात आहे. तथागतांनी सोणाला एकपदरी वहाणा वापरण्याची मुभा दिली, तेव्हा सर्व संघाला ती मिळणार असेल तरच मी घालीन, असे तो म्हणाला. मग ती सर्वांनाच मिळाली.

आता प्रत्यक्ष करावयाचे काय? डोळे अक्षरांवरून घसरू लागले, हात यंत्रासारखे चालू लागले, की थांबावे. ताठ पण सैल बसावे. आवळलेले दात, वर चढलेले खांदे, वळलेल्या मुठी सोडाव्यात. श्वास येतो तसा जाणावा, ओढू नये. आनापानसतीत श्वासाच्या भानाबरोबर काया शांत करावयास सांगितले आहे, ते हेच. पाच-दहा मिनिटे पुष्कळ झाली. तेवढ्या वेळात मोबाईल हाती घेणे ही मात्र विश्रांती नव्हे. त्यात गुरे पुन्हा दुसऱ्याच्या शेतात शिरतात.

आणि घरात एक माणूस असे असते की ज्याला ही पाच मिनिटेही मिळत नाहीत. कामावरून आलेला नवरा खाटेवर टेकतो; कामावरूनच आलेली बायको भाकरी थापावयास बसते. तिला ध्यानाचा उपदेश करणे ही थट्टा आहे. तेवढा वेळ तिचे काम दुसऱ्याने उचलले पाहिजे.

कपिलवस्तूला शाक्यांच्या नव्या संथागारात तथागत रात्री उशिरापर्यंत बोलत होते. मग पाठ दुखू लागल्याचे त्यांनी आनंदांना मोकळेपणी सांगितले आणि पुढचे प्रवचन त्यांच्यावर सोपविले. संघाटीची चौपदरी घडी घालून, उठण्याची वेळ मनाशी ठरवून, ते उजव्या कुशीवर भानपूर्वक पहुडले. आनंदांनी महानाम शाक्याला आणि जमलेल्यांना शैक्षाचा मार्ग सविस्तर सांगितला. तो सांगून झाल्यावर तथागत उठले आणि त्यांनी आनंदांना साधुवाद दिला.