हक्काचे श्रोते

झाशीच्या स्टेशनवरून किल्ल्याकडे निघालं की वाटेत इलाइट चौराहा लागतो. ई-रिक्षांची दाटी, दुकानांच्या पाट्या, चारी बाजूंनी वाजणारे हॉर्न. उत्तरेतल्या कुठल्याही मोठ्या शहरात असतो तसा चौक. पण या शहरात राणी लक्ष्मीबाईबद्दल बोलायला कुणालाही पदवी लागत नाही. पाठ्यपुस्तकातलं, सिनेमातलं, आजीकडून ऐकलेलं असं सगळं मिसळून प्रत्येकाकडे एक राणी असते. अभ्यासू माणूस अशा बोलण्याला दंतकथा म्हणतो आणि पुढे जातो. मला मात्र वाटतं, साहित्याच्या अभ्यासाचा खरा कस अशाच ठिकाणी लागतो, कारण इथे ऐकणाऱ्याचा त्या गोष्टीवर हक्क असतो.

हे उलगडायचं तर गोडसे भटजींपासून सुरुवात करायला हवी. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे मथुरेला बायजाबाई शिंदे यज्ञ करणार, मोठी दक्षिणा मिळेल, असं ऐकून 1857 मध्ये उत्तरेकडे निघाले आणि बंडाच्या ऐन वणव्यात सापडले. 1858 च्या मार्च-एप्रिलमध्ये इंग्रज सेनापती ह्यू रोजच्या फौजेने झाशीला वेढा घातला, शहर पडलं, कत्तल आणि लूट झाली, तेव्हा ते शहरातच होते. त्यानंतर पंचवीस वर्षांनी, 1883 मध्ये, चिंतामण विनायक वैद्यांच्या आग्रहावरून त्यांनी ते सारं लिहून काढलं. ‘माझा प्रवास’ म्हणून मराठी वाचक ते ओळखतो.

भिक्षुकाच्या नजरेला जे दिसतं ते इतिहासकाराला सहसा दिसत नाही. वेढा पडण्याच्या तोंडावर राजवाड्यात झालेलं चैत्रातलं हळदीकुंकू त्यांनी लिहिलं. राणी कधी पायजमा, अंगरखा आणि टोपी अशा पुरुषी वेशात असे, तेही लिहिलं. राजवाड्यातल्या ग्रंथसंग्रहाबद्दल तर त्यांनी फार कळकळीने लिहिलं आहे. तिथल्या पोथ्यांची नक्कल करून घ्यायला बाहेरगावचे विद्वान येत. लुटीत त्या पोथ्यांची वाताहत झाली. वेदाध्ययन केलेल्या माणसाला ते बघून काय झालं असेल, हे त्या पानांवर कळतं. मला तो भाग लढाईच्या वर्णनापेक्षाही जास्त लागतो.

आणि मग विहिरीवरची भेट. झाशी पडल्यावर काल्पीच्या बाजूला, पराभवानंतर थकलेली, धुळीने भरलेली राणी भटजींना एका विहिरीवर भेटते. भटजी पाणी शेंदायला पुढे होतात. विद्वान ब्राह्मणाने आपल्यासाठी पाणी काढावं हे तिला पटत नाही, ती दोर स्वतःच्या हातात घेते. हा प्रसंग वर्गात घ्यायचा झाला तर व्यक्तिचित्रणाचा उत्तम नमुना म्हणून घेता येतो, आणि तो तसा आहेही. पण झाशीच्या चौकात हेच पान वाचून दाखवलं तर पहिला प्रश्न वेगळाच येईल: ती विहीर कुठली? दुसरा लगेच त्यामागून: हे आणखी कुणी पाहिलं होतं का? हे प्रश्न अडाणी नाहीत. पंचवीस वर्षांनी, एकट्याच्या आठवणीतून आलेल्या मजकुराला विचारायचे हेच पहिले प्रश्न आहेत.

ते वेळेवर विचारले गेले नाहीत की काय होतं, याचा पुरावा याच पुस्तकात आहे. वैद्यांनी ते 1907 मध्ये छापलं, पण भाषा घासूनपुसून. काही मजकूर गाळून, काही भर घालून. मूळ लेखन दत्तो वामन पोतदारांनी प्रसिद्ध केलं ते 1966 मध्ये. म्हणजे जवळपास साठ वर्षं आपण भटजींचा आवाज समजून वैद्यांची शैली वाचत होतो. (वैद्यांना दोष देणं सोपं आहे. त्यांनी आग्रह धरला नसता तर वाचायला काहीच नसतं.) मूळ लेखन जपलं ते पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाने. 1910 मध्ये इतिहासकार राजवाड्यांनी सुरू केलेली ही संस्था म्हणजे कुठल्या विद्यापीठाचा विभाग नव्हे. गावोगाव हिंडून, लोकांच्या माळ्यांवरची दप्तरं उतरवून अभ्यास करणाऱ्यांची ती जागा.

झाशीकरांचा या गोष्टीवरचा दावा याहून थेट आहे. दत्तात्रय बळवंत पारसनीसांनी 1894 मध्ये राणीचं मराठी चरित्र लिहिलं, वयाची पंचविशीही गाठलेली नसताना. राणी परिस्थितीमुळे लढाईत ओढली गेली, असा त्यातला सूर. झाशीत वकिली करणाऱ्या वृंदावनलाल वर्मांना हे पटेना. घरात पणजीकडून त्यांनी वेगळंच ऐकलेलं होतं. मग त्यांनी कागद शोधले, म्हाताऱ्या माणसांना गाठलं, आणि 1946 मध्ये ‘झाँसी की रानी’ ही कादंबरी आली, राणी स्वराज्यासाठी लढली असं ठासून सांगणारी. एका मराठी ग्रंथाची सगळ्यात गंभीर उलटतपासणी एका हिंदी वकिलाने पणजीच्या साक्षीवर केली, ही मला मराठी साहित्याच्या इतिहासातली मोठी घटना वाटते. आपण ती तशी नोंदवत नाही.

इथे एक अडचण आहे आणि ती टाळून चालणार नाही. हक्क असणं म्हणजे बरोबर असणं नव्हे. पणजीच्या आठवणीत घराण्याचा अभिमान मिसळतो, शहराच्या आठवणीत शहराचा. 1946 साली स्वातंत्र्य उंबरठ्यावर असताना राणीने स्वराज्यच मागितलं असणार असं वाटणं स्वाभाविक होतं. चौकातल्या श्रोत्यालाच शेवटचा न्यायाधीश केलं तर अभ्यास संपतो. पण त्याला बाहेर ठेवलं तरी तो अपुराच राहतो. कोरी समाजाने राणीसाठी लढलेल्या झलकारीबाईची आठवण पिढ्यानपिढ्या सांभाळली. वर्मांच्या कादंबरीत ती आली, आणि टपाल खात्याने तिचं तिकीट काढलं ते 2001 मध्ये. ग्रंथालयातच बसून राहिलेल्याला ती भेटली नसती.

बंगाली लेखिका महाश्वेता देवींनी दोन्ही बाजू धरल्या. छापील साधनं वाचली, मग बुंदेलखंडात जाऊन लोकांकडून गाणी आणि आठवणी ऐकल्या. 1956 मधलं ‘झाँसीर रानी’ हे त्यांचं पहिलंच पुस्तक. त्यात लोकगीत हे कागदाशेजारी बसलेलं साधन आहे. हिंदी लेखक अमृतलाल नागरांनी गोडसे भटजी हिंदीत आणले आणि पुढे अवधच्या गावांत फिरून 1857 च्या आठवणी गोळा केल्या. भटजींचं पुस्तक त्यांनी हातात धरलं होतं, आणि ते धरून ते चालत गेले.

झाशीत आजही मराठी घरं आहेत, राणीचं लग्न झालं ते गणेश मंदिर आहे, गणेशोत्सव होतो. अशा एखाद्या उत्सवात विहिरीचं ते एकच पान तीनदा वाचलं जावं, असं मला मनापासून वाटतं: आधी 1907 चं, मग 1966 चं, मग नागरांच्या हिंदीतलं. श्रोते मराठी आणि हिंदी दोन्हीकडचे हवेत. वाचन संपल्यावर पहिला अर्धा तास व्यासपीठावरच्या कुणी बोलू नये. समोरच्यांनी बोलावं, आणि एकाने ते लिहून घ्यावं, कुणी काय सांगितलं आणि त्याने ते कुणाकडून ऐकलं यासकट.