ढगांतली फट

जरा टेकून बसा. खांदे सैल सोडा. हात मांडीवर असू द्या.

श्वास येतो आहे, जातो आहे. त्याला काही सांगू नका. नुसतं बघा.

आता आपण ढगांच्या वर आहोत. खाली घोंगडीसारखा जाड ढग पसरलेला आहे. एके ठिकाणी तो फाटला आहे. त्या फटीतून शेतांचा एक तुकडा दिसतो.

त्या फटीकडे बघा. आपल्याला आज दुसरीकडे कुठे जायचं नाही.

11 डिसेंबर 1941. इंग्लंडमधला लिंकनशायर परगणा. दुपार अजून व्हायची आहे.

स्पिटफायर विमानं सरावाला वर आली आहेत. त्यांतल्या एकात जॉन गिलेस्पी मॅगी आहे. वय 19. जन्म शांघायचा. वडील अमेरिकन, आई ब्रिटिश. येल विद्यापीठाची शिष्यवृत्ती बाजूला ठेवून तो कॅनडाच्या हवाई दलात आला आहे.

आजच जर्मनी अमेरिकेविरुद्ध युद्ध पुकारणार आहे. ती बातमी त्याला कळायची नाही.

श्वास घ्या. सोडा.

तीन महिन्यांपूर्वी त्याने आईवडिलांना पत्र धाडलं. पत्राच्या पाठीमागे 14 ओळींची एक कविता होती, ‘हाय फ्लाइट’. उंच चढत जाण्याच्या आनंदाची कविता. ती सुचली तेव्हा तो 30 हजार फुटांवर होता.

त्या कवितेबरोबर पुष्कळ लोक वर गेले आहेत. आपण आज त्याच्यासोबत खाली उतरू या. हळूच.

कॉकपिट अरुंद आहे. खांद्यांना दोन्हीकडे जेमतेम जागा. पॅराशूटची घडी बैठकीतच आहे. स्पिटफायरचा पायलट पॅराशूटवरच बसतो. आपण बसलो आहोत ती जागा तळाशी जाणवते का, बघा.

समोर इंजिनाचं लांब नाक आहे. दोन्ही बाजूंना रुंद पंख. नाकाच्या आड काय आहे, पंखांच्या खाली काय आहे, ते त्याला दिसत नाही.

थोडा वेळ इथेच थांबा. जे दिसत नाही त्याच्यापाशी.

ढगाच्या खाली आणखी एक विमान आहे. ऑक्सफर्ड. दोन इंजिनांचं, लाकडी, शिकणाऱ्यांसाठी बनवलेलं. क्रॅनवेलच्या तळावरून निघालेलं. त्यातही एक वैमानिक आहे, शिकाऊ. त्याचेही हात दांड्यावर आहेत. त्याचाही श्वास चालू आहे.

फट जवळ येते. मॅगी तिच्यातून खाली उतरतो.

दोन्ही विमानं एकमेकांवर आदळतात.

थांबा.

घाईने पुढे जाऊ नका. श्वास अडला असेल तर अडू द्या. मग सोडा.

खाली शेतात एक शेतकरी आहे. तो वर बघतो. पायलट कॉकपिटचं झाकण मागे सारायला धडपडताना त्याला दिसतो. झाकण सरकतं. पायलट उभा राहतो. उडी घेतो.

पॅराशूट उघडायला उंची लागते. तेवढी आता उरलेली नाही.

तो उभा राहिला, त्या क्षणापाशी या. पुन्हा एकदा या. त्याला शौर्य म्हणू नका, दुर्दैवही म्हणू नका. एक मुलगा उभा राहिला आहे. तेवढंच बघा.

कुणी कुणावर गोळी झाडलेली नाही. शत्रूशी गाठही पडलेली नाही. सराव चालू होता, आणि दोघेही गेले.

श्वास घ्या. सोडा.

मॅगी स्कॉपविक गावच्या दफनभूमीत आहे. थडग्याच्या दगडावर त्याच्याच कवितेचे शब्द कोरले आहेत. 1986 मध्ये चॅलेंजर अवकाशयान नष्ट झालं, तेव्हा अमेरिकेच्या अध्यक्षांनी देशाशी बोलताना त्याच कवितेतले शब्द उच्चारले. मॅगीचं नाव विचारावं लागत नाही.

आता मन पुन्हा ढगाखाली न्या. त्या लाकडी विमानाकडे. तिथला वैमानिक अजून सरळ पुढे बघतो आहे. वरून काय येतं आहे ते त्याला ठाऊक नाही.

त्याच्याजवळ बसा. जितका वेळ मॅगीपाशी बसलात, तितकाच.

मॅगीपर्यंत त्याची कविता आपल्याला घेऊन आली. या दुसऱ्याकडे मात्र आपलं आपणच जायचं आहे.