दोषी न शोधता

ऑगस्ट २०२१ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या जिवती तालुक्यात वणी खुर्द गावी सात जणांना भर चौकात खांबांना बांधून मारहाण झाली. माणसं दलित होती, त्यांत वृद्ध स्त्रियाही होत्या. ते भानामती करतात, असा गावाचा संशय होता. पुढे गुन्हे दाखल झाले, अटका झाल्या, जादूटोणाविरोधी कायद्याची पुन्हा एकदा चर्चा झाली आणि वर्तमानपत्रं दुसऱ्या बातमीकडे वळली.

असा संशय एका रात्रीत जन्मत नाही. बहुतेक वेळा त्याच्या मागे कुठल्या तरी घरातलं एखादं दुखणं असतं. सुनेची झोप उडालेली असते, मुलगी घुमायला लागलेली असते, कर्त्या पुरुषाचं कामावरून मन उडालेलं असतं. डॉक्टर लांब असतो, गोळीनं गुण येत नाही, कारण कळत नाही. कारण सापडेना झालं की घर माणूस शोधू लागतं: हे केलं कुणी? या प्रश्नाला गावात नेहमीच कुणाचं तरी नाव मिळतं, आणि ते बहुधा ज्याच्या बाजूनं कुणी उभं राहणार नाही अशाच माणसाचं असतं.

दिवाळी अंकात ख्रिस्ती मंडळीतल्या मानसिक आधाराविषयी लिहायला बसलो आणि सुरुवात इथून केली, कारण आम्हीसुद्धा दोषी शोधतो. आमचे शब्द फक्त वेगळे असतात. कुणी खचला तर त्याचा विश्वास कमी पडला. कुणी रात्र रात्र जागत असेल तर त्यानं एखादं पाप लपवलेलं असणार. कुणाला आवाज ऐकू येत असतील तर दुष्टात्मा. भानामतीत दोषी शेजारच्या घरात सापडतो, आमच्याकडे तो आजारी माणसाच्याच आत सापडतो. मार खांबाला बांधून दिलेला असो की प्रार्थनासभेत सर्वांसमोर गुडघ्यांवर बसवून कबुली मागून, खचलेल्या माणसाच्या वाट्याला येणारी भीती सारखीच. महाराष्ट्राच्या २०१३ च्या कायद्यात भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणं, मारणं हा गुन्हा आहे आणि त्यात कुठल्याही धर्माला सूट नाही. ही गोष्ट प्रत्येक मंडळीच्या वडिलांना, म्हणजे तिच्या कारभाऱ्यांना, ठाऊक असायला हवी.

जिवती म्हणजे माणिकगडचा पहाड. खाली गडचांदूरला सिमेंटचे कारखाने आणि वर कापूस, सोयाबीन, तूर. कोलाम आणि गोंड इथले जुने रहिवासी. मराठवाड्यातून दुष्काळात उठून आलेली कुटुंबं, बंजारा तांडे आणि तेलुगू बोलणारी घरं त्यांच्या आजूबाजूला वसली. परमडोली, महाराजगुडा अशी चौदा गावं तर महाराष्ट्र आणि तेलंगणा दोघेही आपली मानतात. जमीन वर्षानुवर्षं कसायची आणि पट्टा मात्र नावावर नसायचा, ही इथली रोजची काळजी आहे. पट्टा नाही म्हणून बँकेचं कर्ज नाही, बँक नाही म्हणून सावकार. मनाच्या आजाराबद्दल बोलताना ही जमीन बाजूला ठेवून बोलणं मला खोटं वाटतं. सातबाऱ्यावर नाव नसलेल्या माणसाला रात्री झोप का लागत नाही, हे कळायला मानसशास्त्राची पदवी लागत नाही.

उपचारांची वाट मात्र लांब आहे. पहाड उतरून गडचांदूर, राजुरा, मग चंद्रपूर. तिथे २०१५ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. आजार बळावला तर प्रादेशिक मनोरुग्णालय नागपूरला, चंद्रपूरहून आणखी दीडशे किलोमीटरवर. एका फेरीत मजुरी बुडते, बसभाडं जातं, सोबत येणाऱ्याचाही दिवस जातो. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात (२०१५-१६) दिसलं की नैराश्य, चिंता यांसारख्या नेहमीच्या मनोविकारांनी ग्रासलेल्या दर शंभरांपैकी पंच्याऐंशी जणांना उपचार मिळतच नाहीत. हा सगळ्या देशाचा हिशेब झाला. पहाडावर तो याहून बरा असेल असं मानायला मला काही आधार दिसत नाही.

अशा मुलखात मंडळीचा पाळक काय करतो? सगळंच करतो. रविवारची उपासना, बाप्तिस्मा, लग्न, माती, घरभेटी, नवरा-बायकोची भांडणं, दवाखान्याचा फॉर्म, दारू पिऊन पडलेल्याला घरी पोहोचवणं. त्याच्याकडे चार गावं असतात आणि एक मोटारसायकल. लोक त्याला रात्री अकराला फोन करतात, कारण दुसरं कुणी फोन उचलत नाही. आणि याचंच कौतुक होतं: आमचा पाळक कधी नाही म्हणत नाही. या कौतुकाला माझा ठाम विरोध आहे. त्यानं पाळक खचतो, आणि त्याहून मोठं नुकसान म्हणजे मंडळी आपल्या कामातून मोकळी होते.

निर्गमाच्या पुस्तकात मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत लोकांचे तंटे ऐकत बसतो. सासरा इथ्रो भेटीला येतो, हा प्रकार पाहतो आणि जावयाला सरळ सांगतो की हे चालायचं नाही. तू थकशील आणि हे लोकही थकतील. उपाय म्हणून तो हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर आणि दहांवर माणसं नेमायला सांगतो. लहान गोष्टी त्यांनी पाहायच्या, जड गोष्टी मोशेकडे आणायच्या. या गोष्टीवर प्रवचनं पुष्कळ होतात. दहांचा नायक मात्र क्वचितच नेमला जातो. इथ्रोनं त्या माणसांची पारखही सांगितली होती: कर्तबगार, देवाला भिणारी, विश्वासू, लाच न घेणारी. बोलण्यात पटाईत असावीत असं तो म्हणत नाही.

आपल्या चांद्याचा, म्हणजे आजच्या चंद्रपूरचा, इतिहासही हेच सांगतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इथे स्कॉटिश एपिस्कोपल चर्चचं मिशन सुरू झालं, त्याच्या पायाशी इस्रायल जेकब हा भारतीय धर्मगुरू होता. पुढे नागपूरचा बिशप झालेला अलेक्झांडर वुड चांद्यात इतकी वर्षं राहिला की त्याच्या नावाला चांदा कायमचा चिकटला. ही नावं ग्रंथांत आहेत. पण मराठी मिशनांत सगळीकडे घरात शिरून बायकांचं रडणं ऐकणाऱ्या बायबल बाया होत्या, खेड्यात मुक्काम करणारे उपदेशक होते. पाळक महिन्यातून एकदा यायचा, ही माणसं रोज असायची. काळजीचं काम तेव्हाही वाटलेलंच होतं. त्याची नोंद आम्ही ठेवली नाही, म्हणून आज ते नव्यानं शिकावं लागतं.

आणि ते शिकता येतं. याच विदर्भात, अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत 'विश्राम' नावाचा कार्यक्रम झाला. गावातल्याच साध्या शिकलेल्या माणसांना ऐकण्याचं, धीर देण्याचं आणि गरज पडेल तेव्हा पुढे पाठवण्याचं शिक्षण दिलं गेलं. मागे समुपदेशक आणि मनोविकारतज्ज्ञ उभे होते. दीड वर्षात नैराश्यासाठी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. २०१७ साली लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री या नियतकालिकात ते प्रसिद्ध झालं. तिकडे झिंबाब्वेत डॉ. डिक्सन चिबांडांनी २००६ पासून हरारेच्या दवाखान्यांबाहेर बाकड्यावर आज्यांना बसवलं. त्या आज्या येणाऱ्याचं ऐकतात, त्याच्या अनेक अडचणींतली एक निवडतात आणि तिच्यावर काय करता येईल ते त्याच्यासोबत ठरवतात. २०१६ च्या अभ्यासात त्याचा गुण स्पष्ट दिसला. आमच्या प्रत्येक मंडळीच्या महिला मंडळात अशी एखादी आजी असतेच. तिला फक्त भाकरी-भाजीच्या कामाला लावलं जातं.

मात्र सगळ्यांनी सगळ्यांची काळजी घ्यावी, एवढं म्हणून भागत नाही. मंडळीत सगळ्यांना सगळं सांगितलं की त्याची कुजबूज होते. 'एका बहिणीच्या घरच्या अडचणीसाठी प्रार्थना करा' असा निरोप व्हॉट्सअ‍ॅपच्या गटात येतो आणि संध्याकाळपर्यंत बहीण कोण, अडचण कसली, हे तीन गुड्यांना कळलेलं असतं. लहान वस्तीत नाव न घेतल्यानं काही लपत नाही. त्यामुळे ऐकणाऱ्या माणसांची निवड आधी आणि जाहीर व्हायला हवी: या चौघांपैकी कुणाशीही बोला, ते पाळकालाही तुमच्या परवानगीशिवाय सांगणार नाहीत. यात निदान दोघी बायका असाव्यात, एक जण कोलामी किंवा गोंडी बोलणारा असावा. माणूस आपलं दुःख आईच्या भाषेत रडतो. ते परक्या भाषेत सांगायला लागलं की निम्मं गिळून टाकतो. गुप्ततेला अपवाद एकच, आणि तोही आधीच सांगितलेला: जीव जाण्याचा धोका.

त्या धोक्याच्या वेळी काय करायचं, हे तर मंडळीला तोंडपाठ असायला हवं. मरणाची भाषा कुणी काढली तर त्याला एकटं सोडायचं नाही आणि सरळ विचारायचं. विचारल्यानं तसा विचार डोक्यात घुसतो, ही समजूत चुकीची आहे. घरात फवारणीचं औषध असेल तर ते उचलून मंडळीच्या वडिलांपैकी कुणाच्या तरी कुलपात ठेवायचं. कापसाच्या मुलखात ही एवढी साधी गोष्ट जीव वाचवू शकते. श्रीलंकेनं अत्यंत विषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्यानं बंदी घातल्यावर तिथल्या आत्महत्या मोठ्या प्रमाणात घटल्या. टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून आहे, तो उपासनेच्या खोलीत भिंतीवर लिहिलेला असावा. आणि प्रयत्न फसून माणूस वाचला तर पोलिसांच्या धाकानं ते दडपू नये. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं ११५ वं कलम अशा माणसाला तीव्र तणावाखाली असल्याचं गृहीत धरतं आणि त्याची काळजी घेण्याची जबाबदारी सरकारवर टाकतं.

प्रार्थना आणि गोळ्या यांचं भांडण आम्ही उगाच लावलं आहे. गोळ्या सुरू असतात, प्रार्थनासभेत बरं वाटतं, कुणीतरी साक्षीत सांगतं की मी औषधं फेकून दिली आणि प्रभूनं बरं केलं. पुढच्या महिन्यात दुसऱ्या कुणाच्या तरी गोळ्या बंद होतात आणि आजार उलटतो. ही साक्ष तिथल्या तिथे थांबवण्याचं धैर्य पाळकात हवं. इलाज नुसत्या श्रद्धेवर सोडला की शेवट किती भीषण होऊ शकतो, हे आपण पाहिलं आहे: तमिळनाडूत एरवाडीला ६ ऑगस्ट २००१ रोजी आग लागली, तेव्हा दर्ग्याजवळच्या आश्रयस्थानात साखळ्यांनी बांधलेले मनोरुग्ण जागच्या जागी जळून गेले. उलट गुजरातेत उनावा इथल्या मीरा दातार दर्ग्यात मुजावरांना शिकवून दवा आणि दुआ एकाच आवारात आणल्या गेल्या. श्रद्धेनं आलेल्या माणसाला तिथे कुणी परत पाठवत नाही, त्याला डॉक्टरचीही वाट दाखवतात.

एलीयाची गोष्ट मला या बाबतीत फार मोलाची वाटते. कर्मेल डोंगरावर मोठा विजय मिळवलेला हा संदेष्टा रानात रतामाच्या झुडुपाखाली बसून मरण मागतो. देवदूत येतो तो उपदेश करत नाही, विश्वास कुठे गेला म्हणून विचारत नाही. भाजलेली भाकर आणि पाणी देतो, झोपू देतो, पुन्हा उठवून खायला घालतो, कारण पुढची वाट लांबची आहे. देवाचा प्रश्न येतो तो त्यानंतर, माणसात त्राण आल्यावर. आमच्या मंडळ्या बहुतेक वेळा हा क्रम उलटा करतात.

दारूविषयीही बोलायला हवं, कारण पहाडावरच्या बायकांचं निम्मं दुखणं तिथून येतं. चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ ला दारूबंदी झाली, २०२१ ला उठली. सरकारनं काहीही ठरवलं तरी पिणाऱ्याची बायको त्याच घरात असते. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रानं पत्नींसाठी 'सहचरी' गट चालवला, त्यात नवरा सुटो न सुटो, बाईनं आपलं मन सावरायचं असतं. आमच्या स्त्रियांच्या सभेत मात्र तिला सहन करायला आणि आणखी प्रार्थना करायला सांगितलं जातं. मार खाणाऱ्या बाईला सहनशीलतेचं वचन वाचून दाखवणं म्हणजे तिला पुन्हा मारण्याच्या जागी पाठवणं. तिला क्षमेचा पाठ देण्याआधी एक सुरक्षित खोली द्यायला हवी.

आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगतो, आमच्यातल्या काहींना ती आवडणार नाही. मंडळीबाहेरचा कुणी खचलेला शेजारी मदतीला आला तर त्याला मदतच द्यावी. त्याच्या दुबळ्या घडीचा उपयोग धर्म सांगण्यासाठी करू नये. ज्या माणसाला स्वतःचा निर्णय घेण्याइतकी शक्ती उरलेली नाही, त्याच्याकडून मोठा निर्णय करवून घेणं हा त्याच्यावर अन्याय आहे, मग तो चांगल्या हेतूनं का असेना.

आता उरला पाळक. दहांचे नायक नेमले, आज्या ऐकायला बसल्या, दवाखान्याला जाणाऱ्यांच्या बसभाड्यासाठी एक डबा वेगळा निघाला, तरी त्याचं स्वतःचं मन उरतंच. तो वरिष्ठांपुढे ते मोकळं करत नाही, कारण बदली त्यांच्याच हाती. मंडळीसमोर करत नाही, कारण तिथे तो खंबीर असायला हवा. पत्नीवर सगळं ओततो, आणि तिची विचारपूस कुणीच करत नाही. या जिल्ह्यात उत्तर भारतीय चर्चचा नागपूर धर्मप्रांत आहे, १९६२ पासून कॅथलिकांचं चांदा क्षेत्र आहे, कितीतरी स्वतंत्र मंडळ्या आहेत. नाताळच्या शुभेच्छांपलीकडे त्यांची एकमेकांशी फारशी ओळख नाही. हीच अनोळख इथे उपयोगी पडेल. पहाडावरचा एखादा पाळक आणि खालचा एखादा फादर, ज्यांचा एकमेकांच्या पगाराशी, बदलीशी, वर्गणीशी संबंध नाही, त्यांनी महिन्यातून एक दुपार राजुऱ्याला भेटायचं ठरवावं. त्यासाठी ठराव लागत नाही, निधी लागत नाही. पाळकाच्या पत्नीला जमत असेल तर तिनंही यावं आणि तिचं ऐकणारी एखादी बाई वेगळ्या टेबलाशी असावी.