‘सोड ना आता’

डोंबिवलीच्या फडके रोडवर दिवाळीच्या पहिल्या पहाटे पाय ठेवायला जागा नसते. गणेश मंदिरात दर्शन घ्यायचं आणि मग रस्त्याच्या कडेला घोळक्यात उभं राहून वर्षभर न भेटलेल्यांना भेटायचं. अशाच एका पहाटे पाच वर्षं तोंड चुकवणारा माझा मित्र समोर आला. त्याने मिठीच मारली आणि म्हणाला, “दिवाळी आहे रे, सोड ना आता.”

सोडायचं होतं ते असं. एका पतपेढीच्या कर्जाला मी त्याला जामीन राहिलो होतो. त्याने हप्ते थांबवले आणि वसुली माझ्या पगारातून सुरू झाली. पगारपत्रकात फंड, व्यवसाय कर आणि त्याखाली ती रक्कम, असे अठ्ठेचाळीस महिने. पैशाचं दुःख दुसऱ्या वर्षी ओसरलं. सलत राहिलं ते वेगळंच. हप्ता भरायचा नाही हे त्याने ठरवलं, तेव्हा मला एक फोन करावा असं त्याला वाटलं नाही.

मराठीत यासाठी तीन शब्द आहेत आणि तिन्ही गैरसोयीचे. ‘क्षमा’ संतांच्या तोंडी शोभते. ‘माफी’ सरकारी आहे: कर्जमाफी, फीमाफी. ठाण्याच्या मध्यवर्ती कारागृहात कैद्याच्या शिक्षेत जी सूट मिळते तिलाही माफीच म्हणतात. ती शासन देतं, ज्याचं नुकसान झालं त्याला कोणी विचारत नाही. उरलं घरगुती ‘सोडून दे’. आणि हे सांगतं कोण? बहुधा ज्याने केलं तो, नाहीतर ज्याचं काहीच गेलेलं नाही असा तिसरा.

दक्षिण आफ्रिकेत 1995च्या कायद्याने सत्य आणि समेट आयोग नेमला गेला. वर्णभेदाच्या काळातल्या राजकीय गुन्ह्यांसाठी माफीचे सात हजारांवर अर्ज आले, मंजूर झाले साडेआठशेच्या आसपास. मला त्यातली अट महत्त्वाची वाटते. पश्चात्ताप दाखवायलाच हवा असं नव्हतं. आपण काय केलं ते संपूर्ण सांगणं मात्र बंधनकारक होतं. त्या आयोगावर टीकाही भरपूर झाली आणि ती योग्यच होती. पण आधी हिशोब, मग माफी, हा क्रम त्यांनी बरोबर लावला होता. आपण तो उलटा लावतो. वर, दुखावलेल्याने लवकर सोडून दिलं नाही, तर ‘किती धरून ठेवतोस’ म्हणून त्यालाच बोल लावतो.

आमच्या डोंबिवलीत तर हिशोब मागायचा कोणाकडे, इथपासून प्रश्न आहे. 26 मे 2016 रोजी एमआयडीसीत प्रोबेस कंपनीत स्फोट झाला. 12 माणसं गेली, जखमींचा आकडा दोनशेच्या पुढे होता, दूरदूरच्या इमारतींच्या काचा फुटल्या. मृतांत कंपनीच्या मालकांच्या घरचीही माणसं होती. म्हणजे राग धरायचा त्याच्याच घरात सुतक. मग उरले ते कागदावरचे: परवानगी देणारे, तपासणी न करणारे, कारखान्यांच्या कुशीत इमारती उठू देणारे. ‘आधी कारखाने की आधी वस्ती’ हा वाद इथे कट्ट्यावर आजही रंगतो आणि त्यात सगळेच निर्दोष सुटतात. 23 मे 2024 रोजी त्याच एमआयडीसीत अमुदान कंपनीत पुन्हा स्फोट झाला. काही मृतदेहांची ओळख पटवायला डीएनए चाचणी करावी लागली. मृतांच्या वारसांना पाच लाख रुपये जाहीर झाले. भरपाई द्यायलाच हवी, पण ‘आमचं इथे चुकलं’ हे वाक्य चेकवर लिहिलेलं नसतं.

हॅना आरेन्ट या विदुषीने 1958 साली म्हटलं होतं, की ज्याला शिक्षा करता येत नाही त्याला माणसं क्षमाही करू शकत नाहीत. मी ते डोंबिवलीपुरतं थोडं बदलेन: ज्याचा चेहराच दिसत नाही त्याला क्षमा करणार कशी? अशा वेळी बरं होणं आणि क्षमा करणं यांची फारकत करावी, असं माझं मत आहे. समोरच्याने कबूल करेपर्यंत आपण झोपायचंच नाही, हा करार आपल्यावर कोणी लादलेला नाही. फुटलेली काच बसवावी, सकाळची लोकल पकडावी, खटला चालू ठेवावा. बरं झालो म्हणून माफ केलं, असा अर्थ कोणी काढू नये.

मित्राला त्या पहाटे मी काहीच बोललो नाही. पुढच्या वर्षी, दिवाळी नसताना, एका रविवारी तो घरी आला. वहीच्या पानावर अठ्ठेचाळीस हप्ते एकाखाली एक लिहून, बेरीज करून आणली होती. बेरीज तीनशे रुपयांनी चुकली होती. म्हणाला, “तुला न सांगता थांबवले मी. चुकलं.” पहिला हप्ता म्हणून थोडे पैसे ठेवले. चहा झाला. त्या बेरजेवरून आम्ही दोघंही हसलो.

2016च्या स्फोटावर शासनाने समिती नेमली होती. प्रोपार्जिल क्लोराइड निष्काळजीपणे हाताळल्याचं तिच्या अहवालात आलं. तो अहवाल डोंबिवलीकरांना कोणी आणून दिला नाही. माहितीच्या अधिकारात अर्ज करून मागून घ्यावा लागला.