पहिली धार कुणाची?

होळीच्या पुढेमागे डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर मोहाच्या झाडाखाली पहाटेच फुलांचा सडा पडलेला असतो. ऊन चढायच्या आत बायापोरं टोपल्या भरतात. फुलं अंगणात वाळतात, मग पाण्यात घालून काही दिवस आंबवतात. चुलीवर मडकं चढतं, वाफ गार होते आणि नळीतून धार सुटते. वारली घरात ती तोंडाला लावण्याआधी थोडी जमिनीवर सोडतात, देवाच्या आणि वाडवडलांच्या नावानं. लग्न असो की मयताचं कार्य, या दारूवाचून ते पार पडत नाही.

अशा घरातल्या तरुणाच्या मनात आज एक विचार येऊ शकतो. आपली मोहाची इतकी चांगली उतरते, तर रीतसर परवाना काढून, बाटलीत भरून ती विकायला काय हरकत आहे? हिशेब भांडवलाचा आणि गिऱ्हाइकाचा दिसतो. पण जी वस्तू आधी देवाला द्यायची, तिची किंमत लावायची की नाही, हा धर्माचा प्रश्न आहे आणि तो आधी सोडवावा लागतो.

जवळच, बोर्डीला, हिल झिल वाइन्सनं चिकूची वाइन काढून दाखवली. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. हे फळ नाशवंत, बाजारभाव पडला की बागायतदाराच्या हाती काही उरत नाही. अशा ठिकाणी वाइनचा धंदा शहाणपणाचाच. चिकू इथे लावला गेला तोच मुळी विकण्यासाठी. त्याच्या रसानं कुणाचं लग्न अडत नाही की कुणाचे पूर्वज तहानलेले राहत नाहीत. मोहाचं तसं नाही.

शिवाय मोहाची आणि ताडीची दारू इथे एकदा धंद्यात जाऊन आलेली आहे, आणि तो अनुभव कडू आहे. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्यानं दारू गाळण्याचा आणि ताडी काढण्याचा हक्क सरकारनं आपल्या मुठीत घेतला. १८९२ मध्ये खास ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी मोहाच्या फुलांवर निर्बंध घालणारा कायदा आला. झाड दारात, फुलं अंगणात, पण गाळली तर गुन्हा. देवापुढे धरायची धार ठेकेदाराच्या दुकानातून पैसे मोजून आणायची. ही दुकानं बहुतेक पारशांची होती. प्यायलेल्याचं देणं वहीत चढत गेलं.

त्यावरचं उत्तरही देवाच्याच नावानं आलं. १९२२ च्या सुरुवातीला पालघर किनाऱ्यावरच्या कोळ्यांत एक देवी अंगात येऊ लागली. तिथून ती आदिवासी पाड्यांत शिरली आणि वर्ष सरता सरता सलाबाई या नावानं सुरत जिल्ह्यापर्यंत पोचली. दारू सोडा, ताडी सोडा, मांसमच्छी सोडा, रोज आंघोळ करा, असा तिचा हुकूम. दक्षिण गुजरातेत तर पारशी दारूवाल्यांवर बहिष्कार पडला. इतिहासकार डेव्हिड हार्डिमन यांनी १९८७ च्या आपल्या ग्रंथात ही सगळी हकीकत मांडली आहे. या घटनेकडे नुसती दारूबंदीची लाट म्हणून पाहणं अपुरं ठरतं. ज्या समाजात दारू हाच नैवेद्य, तो समाज देवीच्या शब्दावर ती टाकून देतो, याचा अर्थ दुकानानं त्या नैवेद्यातला देवच काढून घेतला होता.

बौद्ध विचारात दारू आणि तिचा धंदा यांत फार बारीक भेद केलेला आहे. मद्य न पिणं हे पाचवं शील. पण अंगुत्तर निकायातल्या वणिज्ज सुत्तात उपासकानं न करायचे पाच व्यापार वेगळे सांगितले आहेत: शस्त्रं, प्राणी, मांस, मद्य आणि विष. पिणं आणि विकणं हे दोन निरनिराळे दोष धरले आहेत. घरी गाळणारा आपल्या आप्तांना ओततो. कुणाला किती चढते, कुणाला आता पुरे म्हणायचं, हे त्याला ठाऊक असतं. बाटली जवळच्या कासा गावातल्या किंवा मुंबईच्या दुकानात गेली की पिणाऱ्याचं तोंडही दिसत नाही. घरातली दारू सणाबरोबर संपते, आणि दुकानाला मात्र रोज खप लागतो. खरी अडचण या खपात आहे.

मग विकूच नये का? तसंही म्हणवत नाही. लग्नाच्या भिंतीवर सवाष्णींनी काढायचा चौक गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांच्या हातून कागदावर आला, जगभर गेला आणि २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. वारली चित्रं विकली गेली म्हणून लग्नातला चौक काही थांबला नाही. मात्र चित्रानं कुणाचा संसार बुडत नाही, हा फरक विसरून चालणार नाही.

बेल्जियममधल्या वेस्टव्लेटरेनच्या मठात साधू बिअर बनवतात. २००५ मध्ये ती जगातली सर्वोत्तम ठरली, दारात मोटारींच्या रांगा लागल्या, तरी त्यांनी उत्पादन वाढवलं नाही. मठ चालेल इतकंच बनवायचं, हा त्यांचा नेम. व्यापार आहे, पण त्याला प्रार्थनेच्या वेळापत्रकाचं कुंपण आहे.

तसं कुंपण डहाणूत घालता येईल. महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी दारू गाळणं १९४९ च्या दारूबंदी कायद्यानं गुन्हा आहे. मध्य प्रदेशात आदिवासींना घरापुरती मुभा आहे आणि तिथल्या सरकारनं मोहाच्या दारूला वारसा म्हणून बाजारही उघडून दिला. डहाणू आणि तलासरी हे दोन्ही आदिवासी तालुके राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीत येतात. अशा भागांतल्या पंचायतींसाठीचा १९९६ चा पेसा कायदा मादक पदार्थांवर बंदी घालण्याचा, त्यांच्या विक्रीवर नियंत्रण ठेवण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती देण्याबद्दल बोलतो. तेव्हा त्या तरुणानं बँकेच्या आधी ग्रामसभेत जावं. वर्षाला किती गाळायची, पाड्यातच विकायची की बाहेर, लग्नसराईसाठी आधी किती बाजूला ठेवायची, हे तिथे ठरावं. आणि ज्या बायका पहाटे फुलं वेचतात आणि रात्री प्यायलेल्या नवऱ्याला सांभाळतात, त्यांचं मत पहिलं घ्यावं. त्या नको म्हणाल्या तर विषय तिथेच मिटला.