भाव

‘लिलाव’ हा शब्द मराठीत पोर्तुगीजांकडून आला. परंतु ज्या व्यवहाराला तो चिकटला, तो व्यवहार गोमंतकाला परका नाही. पेडणे-डिचोलीकडच्या देवळांत उत्सवाच्या रात्री पालखी आणि आरत्या आटोपल्या की पावणी होते. देवाला वाहिलेला नारळ, केळीचा घड, देवीला नेसवलेली साडी यांचा पुकारा होतो. मंडळी चढाओढीने बोली लावतात, आणि बाजारात थोडक्यात मिळणारी वस्तू कितीतरी पटींनी जाते. पैसा देवस्थानाच्या कामी येतो. या वरच्या पैशाला काय म्हणावे? वस्तूची किंमत म्हणावी, तर ती तेवढी नाही. दान म्हणावे, तर बदल्यात वस्तू हाती आली आहे. मराठीने ही अडचण एकाच शब्दात साठवून ठेवली आहे. बाजारात असतो तो भाव, आणि मनात असतो तोही भावच. पावणीत हे दोन्ही भाव एकाच बोलीत प्रकट होतात.

याच प्रश्नाचे मोठे रूप न्यूयॉर्कमध्ये २० जून २०१९ रोजी पाहावयास मिळाले. ‘पिंक फ्लॉइड’ या ब्रिटिश रॉक वाद्यवृंदाचे गिटारवादक डेव्हिड गिल्मर यांनी आपल्या संग्रहातील शंभराहून अधिक गिटारी ख्रिस्तीज या संस्थेमार्फत लिलावात काढल्या. त्यांत ‘ब्लॅक स्ट्रॅट’ नावाने प्रसिद्ध असलेली काळी गिटार होती. १९७० साली त्यांनी ती न्यूयॉर्कच्याच एका दुकानातून घेतली होती, आणि १९७३ च्या ‘द डार्क साइड ऑफ द मून’पासून त्यांच्या अनेक गाजलेल्या ध्वनिमुद्रणांत ती वाजली होती. तिला एक ते दीड लाख डॉलर येतील असा जाणकारांचा अंदाज होता. प्रत्यक्षात ती ३९ लाख ७५ हजार डॉलरला गेली. एकूण लिलाव सुमारे २ कोटी १५ लाख डॉलरचा झाला, आणि त्यातून आलेला पैसा गिल्मर यांनी ‘क्लायंटअर्थ’ या, पर्यावरणासाठी कायद्याच्या मार्गाने लढणाऱ्या संस्थेला दिला. हरमल-मोरजीच्या किनाऱ्यावर परदेशी तरुणांच्या खांद्याला गिटार पाहत आमच्याकडच्या दोन पिढ्या वाढल्या. तेव्हा हे वाद्य आम्हांला अनोळखी नाही. अनोळखी आहे तो त्याला आलेला भाव.

अशा प्रसंगी पहिली शंका येते ती त्यागाची. या गृहस्थांनी गमावले काय? संपत्ती त्यांच्यापाशी आधीच विपुल होती. वाद्ये गेली तरी वाजवणारी बोटे गेली नाहीत. नवी गिटार घेऊन तेच सूर पुन्हा काढता येतात. कर्णाने अंगावरची कवचकुंडले सोलून दिली, त्या दानापुढे हे दान कसे उभे राहणार? भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात परतफेडीची अपेक्षा न ठेवता, योग्य स्थळी, योग्य काळी, योग्य पात्री दिलेल्या दानाला सात्त्विक म्हटले आहे. लिलावात तर कीर्ती आपोआप पदरी पडते. मग हे दान राजस ठरवून मोकळे व्हावे काय?

आम्हांस वाटते, या शंकेत दानाचे माप चुकीच्या ठिकाणी लावले जाते. देणाऱ्याला किती दुखले, यावरून दान तोलले तर श्रीमंताचे कोणतेही दान खरे ठरणार नाही, आणि घेणाऱ्या गरजवंताला या हिशेबाचा काडीचाही उपयोग नाही. त्याहून महत्त्वाचा प्रश्न निराळा आहे. जे दिले गेले, ते मुळात कोणाचे होते?

त्या काळ्या गिटारीचे लाकूड, तारा आणि चुंबके यांची किंमत फार तर काही हजार डॉलर. दुर्मीळपणाची भर घातली तरी आकडा चाळीस लाखांच्या जवळ जात नाही. उरलेला भाव कोठून आला? वादकाच्या हातातून, हे अर्धे उत्तर झाले. तोच हात, तेच सूर, पण ऐकणारे कोणीच नसते, तर ती गिटार जुन्या बाजारात पडून राहिली असती. लक्षावधी माणसांनी आपापल्या घरी, आपापल्या सुखदुःखात ते सूर ऐकले, आपल्या आयुष्याशी बांधून घेतले. त्या ऐकण्याचा थर वाद्यावर चढला. पावणीतल्या नारळाचेही तेच. त्याला देवाचा स्पर्श झाला म्हणून भाव येतो हे खरे; परंतु त्या देवाला सारा गाव मानतो, म्हणून बोली चढते. भाव हा समुदायाने निर्माण केलेला असतो, मालकाच्या हाती तो केवळ साठलेला असतो.

असे असेल, तर लिलावाचा पैसा सत्कार्याला देणे याला दानापेक्षा ऋणफेड म्हणणे अधिक योग्य. आपल्या परंपरेने माणूस देव, ऋषी आणि पितर यांचे ऋण घेऊन जन्माला येतो असे मानले. कलावंताच्या माथी चौथे ऋण असते, ते रसिकांचे. हे दानाला कमीपणा आणणारे नाही. दात्याचा हात वर असतो, ऋणकऱ्याचा नसतो. त्यामुळे ऋणफेडीत अहंकाराला जागा थोडी.

एरिक क्लॅप्टन यांचे उदाहरण येथे बोलके आहे. तरुणपणी ते व्यसनाच्या गर्तेत होते. सावरल्यानंतर १९९८ साली त्यांनी अँटिगा बेटावर व्यसनमुक्ती केंद्र उभारले, आणि त्यासाठी १९९९ व २००४ साली आपल्या गिटारी लिलावात काढल्या. २००४ मध्ये त्यांची ‘ब्लॅकी’ ९ लाख ५९ हजार ५०० डॉलरला गेली. ज्या मदतीने आपण वाचलो ती दुसऱ्यांपर्यंत पोहोचवणे, एवढाच त्याचा अर्थ. मराठी वाचकाला या ठिकाणी १९८६ साली पुण्यात सुरू झालेले ‘मुक्तांगण’ आठवेल. त्या केंद्रामागे पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांचे अर्थसाहाय्य उभे होते. प्रयोगांना हसून दाद देणाऱ्यांचा पैसा पुलंनी समाजाकडे परत वळवला, आणि त्याचा गाजावाजा केला नाही. पुलंनी कलेचे फळ दिले, क्लॅप्टन यांनी अवजार दिले. ऋणाची जाणीव दोहोंकडे एकच.

येथवर आमचा कौल लिलावाच्या बाजूने झुकला आहे. परंतु एक पक्ष अजून ऐकून घ्यावयाचा राहिला, तो खुद्द वाद्याचा. आपल्याकडे खंडेनवमीला अवजारांबरोबर वाद्येही पुजली जातात. वाद्याला पाय लागला तर आपण नमस्कार करतो. वाजणे हा वाद्याचा धर्म होय. चाळीस लाखांचे वाद्य कोण वाजवील? ते तिजोरीत किंवा काचेआड जाईल, आणि जितका भाव मोठा, तितके मौन गाढ. डिचोलीचे कुंभार घुमटाचे मातीचे भांडे घडवतात. त्याच्या तोंडाला पूर्वी घोरपडीचे कातडे मढवत; वन्यजीव संरक्षणाच्या १९७२ च्या कायद्यानंतर ते वर्ज्य झाले, आता बकऱ्याचे मढवतात. २०१९ सालीच गोवा सरकारने घुमटाला राज्याच्या वारसा-वाद्याचा मान दिला. तरीही कोण्या एका घुमटाला लाखाची बोली लागणार नाही. ते फुटते, नवे येते, आणि चवथीच्या आरतीत पुन्हा घुमते. त्याचा सारा भाव वाजण्यात खर्च होतो, साठत नाही.

‘ब्लॅकी’च्या जन्मकथेतही हा भेद दिसतो. १९७० च्या सुमारास क्लॅप्टन यांनी अमेरिकेत सहा जुन्या गिटारी स्वस्तात घेतल्या. तीन त्यांनी जॉर्ज हॅरिसन, पीट टाउनशेंड आणि स्टीव्ह विनवुड या मित्रांना देऊन टाकल्या. उरलेल्या तिघींचे चांगले भाग जोडून ‘ब्लॅकी’ बनवली. तीन गिटारी वाजवणाऱ्या हातांत गेल्या, त्यांची बोली कोणी लावली नाही. तरी एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. गिल्मर यांची काळी गिटार घेणारे अमेरिकी धनिक जिम इरसे, जे २०२५ साली निवर्तले, त्यांनी आपला संग्रह अनेक शहरांत लोकांना विनामूल्य दाखवला. घेणाऱ्यानेही आपण विश्वस्त आहोत असे मानले, तर काचेआडचे मौन काहीसे हलके होते.

विश्वस्त हा शब्द आम्ही सहज लिहिला नाही. डिचोलीकरांनी याच काळात आणखी एक लिलाव पाहिला. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१२ मध्ये गोव्यातील खाणी थांबवल्या. २०२२ साली डिचोलीचा खाणपट्टा लिलावात गेला. तेथे भाव जमिनीखालच्या खनिजाचा होता, आणि ते खनिज कोणाच्याही बोटांनी घडवलेले नव्हते. २०१४ च्या निकालात न्यायालयाने गोव्यातील खनिजाच्या विक्रीतला दहा टक्के पैसा पुढच्या पिढ्यांसाठी कायम निधीत ठेवण्यास सांगितले, त्यामागेही हाच विचार होता की आजच्या विक्रीवर उद्याच्यांचे ऋण आहे. खाणींविरुद्धचा तो लढा न्यायालयातच लढला गेला. गिल्मर यांचा पैसा गेला, तो अशाच तऱ्हेचे लढे देणाऱ्या संस्थेकडे. म्हणून न्यूयॉर्कचा तो लिलाव आमच्या लेखी दूरचा राहत नाही.

तेव्हा अशा लिलावाची परीक्षा दात्याच्या त्यागावरून करू नये, आकड्यावरूनही करू नये. दोन गोष्टी पाहाव्यात: ज्यांच्यामुळे भाव आला, त्यांच्याकडे तो परतला का, आणि विकलेल्या वस्तूचा धर्म पुढे चालू राहिला का. पहिल्या कसोटीला गिल्मर आणि क्लॅप्टन उतरतात. दुसरी त्यांच्या हाती उरलेली नाही, ती घेणाऱ्यांच्या हाती आहे. पावणीत नारळ घेणारा तो देव्हाऱ्यात जपून ठेवत नाही. तो घरी नेऊन फोडतो, आणि शेजारीपाजारी प्रसाद वाटतो.